‘फी वाढवली तर पेशंट जातील’ आणि दातांच्या दवाखान्यातली अशीच काही वाक्यं

जमाखर्च (धागाकर्ता)

मी डेंटिस्ट नाही, डेंटिस्ट लोकांचे हिशेब बघतो. तोंडाच्या आतलं मला काही कळत नाही, पण दवाखान्याच्या आतलं बरंच दिसतं. त्यातलं एक बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

दवाखाना लहान असो वा मोठा, मालक नवा असो वा मुरलेला, काही वाक्यं जशीच्या तशी ऐकू येतात. ‘फी वाढवली तर पेशंट जातील.’ ‘माझ्याकडचे लोक माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत.’ ‘एकदम सगळा प्लॅन सांगितला की पेशंट पुन्हा फिरकत नाही.’ ‘आपण डॉक्टर माणसं, आपल्याला धंदा कुठे जमतो.’ ही वाक्यं अनुभवाच्या आवाजात बोलली जातात. मी सवयीने विचारतो, शेवटची फी कधी वाढवली होती? किती जण गेले? तिथे गाडी अडते. बहुतेक वेळा उत्तर नसतं. कधी कधी एक पेशंट असतो, नावानिशी आठवणारा, जो काउंटरवर आवाज चढवून बोलला आणि गेला. तो एकच जण मालकाच्या डोक्यात शेकडो माणसांच्या वतीने बोलत राहतो.

फीचंच गणित मांडतो, कारण ते माझं क्षेत्र आहे. एका कामाची फी १०० धरा, चलन कुठलंही. त्यातले ३० लॅब (कॅपा वगैरे बनवून देते ती) आणि मटेरियलला गेले. उरले ७०. त्यातून भाडं, पगार, वीज, यंत्रांचे हप्ते आणि शेवटी तुम्ही. शंभर पेशंट केले तर ७,००० उरले. आता फी ११० करा. लॅब आणि मटेरियल तेवढंच, म्हणजे प्रत्येकामागे ८० उरतात. तेच ७,००० उरायला आता ८७-८८ पेशंट पुरतात. म्हणजे दर आठातला एक निघून गेला तरी हातात येणारी रक्कम तेवढीच, आणि खुर्ची तेवढा वेळ मोकळी.

आता उलटं बघा. सूट देताना कुणीच वही काढत नाही. २० टक्के सूट दिली की ८० येतात, ३० बाहेर जातात, ५० उरतात. ७,००० साठी १४० पेशंट लागतात. हात तेच दोन, मान तीच एक.

आठातला एक जाईल की जाणार नाही हे मला माहीत नाही. पण ज्याने कधी मोजलंच नाही तो इतक्या खात्रीने कसं बोलतो, हे मला कळत नाही. इथे बरेच डेंटिस्ट आहेत. तुमच्या डोक्यात असं कुठलं वाक्य आहे, आणि ते तिथे आलं कुठून?

छत्तीसचा_आकडा

मी डेंटिस्ट आहे, स्वतःचा दवाखाना आहे, एकच खुर्ची. धागा चांगला आहे पण एक तक्रार. हिशेबनीस लोकांना वाटतं पेशंट म्हणजे वहीतली ओळ. आमच्याकडे एक माणूस गेला की घरचे चौघे जातात, शेजारचे दोघे जातात. शिवाय आज गेलेला माणूस फक्त आजचं काम घेऊन जात नाही, पुढच्या दहा वर्षांची तपासणी, स्केलिंग (दातांची सफाई), मुलांचे दात, सगळं घेऊन जातो. ते तुमच्या ७,००० मध्ये कुठे आहे?

दुसरं. समोरच्या गल्लीत नवा दवाखाना उघडलाय, त्याची फी माझ्यापेक्षा कमी आहे. ही माझी ‘समजूत’ नाही, बोर्डावर लिहिलेलं आहे. आजकाल कशालाही ‘तुमच्या मनातला अडथळा’ म्हणायची फॅशन आली आहे. भाडं हा मनातला अडथळा नसतो हो.

जमाखर्च

छत्तीस, पहिला मुद्दा बरोबर आहे आणि माझ्या मांडणीत तो नव्हता. चौघे जात असतील तर चौघे मोजा. आठातला एक हा हिशेब माणसांऐवजी घरांचा करा, प्रमाण बदलत नाही. पुढच्या दहा वर्षांचं मात्र बदलतं, आणि तिथे तुमच्या रजिस्टरशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही. तसंच सगळ्या कामांना एक माप लावू नका. कॅपमध्ये लॅबचा वाटा मोठा. तो ५० धरला तर १० टक्के वाढीला सहातला एक गेलेला परवडतो. स्केलिंगला मटेरियल जेमतेम. १० धरलं तर दहातला एकच. म्हणजे सगळे दर एका झटक्यात वाढवा असं मी म्हणतच नाहीये.

बोर्डावरच्या फीबद्दल. समोरच्याची फी कमी आहे ही वस्तुस्थिती. ‘म्हणून माझे पेशंट तिकडे जातील’ हे तुमचं वाक्य. मधला पूल अजून कुणी बांधलेला नाही. गेल्या वर्षी येणारे किती लोक या वर्षी आले नाहीत, हे रजिस्टरमधून एका दुपारी निघतं.

मनकवडी

पेशाने समुपदेशक. माझ्याकडे येणाऱ्यांत डॉक्टर मंडळी कमी नाहीत, म्हणून थोडं लिहिते.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये एक गोष्ट नीट मांडली होती. सुरुवातीला खोटी असलेली समजूत माणसाला असं वागायला लावते की ती शेवटी खरी ठरते. त्याचं उदाहरण बँकेचं होतं. बँक बुडणार अशी आवई उठते, सगळे पैसे काढायला धावतात आणि धडधाकट बँक बुडते. धाग्यातलं तिसरं वाक्य घ्या, ‘सगळा प्लॅन सांगितला की पेशंट फिरकत नाही.’ हे मानणारा डॉक्टर काय करतो? चार दातांत काम असेल तर दुखणाऱ्या एकाबद्दल बोलतो. काम संपतं, पेशंट जातो. त्याला बाकीचं माहीतच नसतं, मग तो कशाला येईल? आणि डॉक्टर म्हणतात, बघा, लोक दुखलं तरच येतात.

टाळण्याची खरी अडचण हीच आहे. भीती खोटी होती हे कळायची संधीच उरत नाही. ज्याने कधी पूर्ण प्लॅन सांगितला नाही, त्याने कधी होकारही ऐकला नाही.

डेंटिस्ट लोकांच्या बाबतीत मला आणखी एक जाणवतं, अर्थात हे माझं निरीक्षण, संशोधन नव्हे. तुमचं सगळं शिक्षण चूक शोधण्याचं असतं. कॅपची मार्जिन, म्हणजे कड, कुठे उघडी आहे, दाताच्या मुळातला कॅनाल कुठे अर्धा मिलिमीटर कमी भरला आहे. ती नजर दातावर असेपर्यंत ठीक. तीच नजर स्वतःकडे वळली की माणूस चांगल्या झालेल्या केस विसरतो आणि फसलेली जपून ठेवतो. यश मिळूनही ‘आपण या जागी शोभत नाही, एक दिवस उघडे पडू’ असं वाटत राहतं, त्याचं वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये केलं. त्यांचा अभ्यास कर्तबगार स्त्रियांवर होता. पुरुषांतही ते सापडतं हे नंतर दिसून आलं. फी सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली जातो त्यात याचा वाटा असावा असं मला वाटतं.

काउंटरवरून

आवाज खाली जातो याला मी साक्षीदार!! 😀

मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. आमच्याकडचं सांगते, नाव गाव नको. डॉक्टर फी सांगतात ती पेशंट खुर्चीत आडवा असताना, तोंड उघडं, डोळ्यावर लाइट. बिचारा बोलणार काय? सांगताना बघतात ट्रेकडे. आणि आकडा सांगून श्वास घ्यायच्या आत ‘पण बघू, करू काहीतरी कमी’. पेशंटने मागितलेलं नसतं हो! मग तो बाहेर येतो आणि मला विचारतो, ‘किती कमी होईल?’ कारण आता त्याला कळलंय की पहिला आकडा खरा नव्हता. घासाघीस पेशंट करतात असं सर म्हणतात. सुरुवात कोण करतं ते मी रोज बघते.

काउंटरवर लोक पैशाआधी काय विचारतात तर दुखेल का, किती वेळा यावं लागेल, आज काम झाल्यावर ऑफिसला जाता येईल का. पैसे विचारतातच, पण रडत नाहीत. काही जण ‘दोन भागात दिले तर चालेल का’ एवढंच म्हणतात.

आणखी एक वाक्य तुमच्या यादीत घाला. ‘आपले पेशंट वेळ पाळत नाहीत.’ म्हणून एका वेळेला दोघांना बोलवायचं. दोघेही आले की एक जण बाहेर पाऊण तास बसतो. पुढच्या वेळी तो शहाणा होतो आणि अर्धा तास उशिरा येतो. की सर म्हणतात, बघितलंस, म्हणून दोघांना बोलवावं लागतं. मी आदल्या दिवशी फोन करते तेव्हा बरेचसे वेळेवर येतात. फोन राहिला की घोळ. पण ते माझ्या डोक्यात आहे, सरांच्या नाही.

छत्तीसचा_आकडा

काउंटरवरून ताई, ट्रेकडे बघण्याचं लागलं मला. पुढे बोला.

एअरोटर

मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे मला गोष्ट सांगायची मुभा असावी. एका फसलेल्या प्रसंगावरून आयुष्याचा निष्कर्ष काढणारा आपल्या पेशातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे होरेस वेल्स.

अमेरिकेतल्या हार्टफर्डचा हा दंतवैद्य १८४४ च्या डिसेंबरात लाफिंग गॅसचा एक जाहीर खेळ बघायला गेला. गॅस हुंगलेल्या एकाच्या पायाला चांगलं लागलं आणि त्याला पत्ताही नाही, हे वेल्सने हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः गॅस घेऊन सहकाऱ्याकडून, जॉन रिग्जकडून, आपली दाढ काढून घेतली. दुखलं नाही. मग त्याने आपल्या पेशंटवर वापर सुरू केला आणि डझनाहून जास्त लोकांचे दात वेदनेशिवाय काढले. जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक. गॅसची पिशवी बहुधा लवकर बाजूला झाली, पेशंट कण्हला, आणि प्रेक्षकांनी ‘थोतांड’ म्हणून ओरडा केला. त्या पेशंटने नंतर सांगितलं की नेहमीइतकं दुखलं नव्हतं. पण ते ऐकायला कोण थांबलंय?

वेल्स घरी परतला आणि त्याची प्रॅक्टिस कायमची विस्कळीत झाली. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८४६ ला, त्याचाच जुना सहकारी मॉर्टन याने त्याच शहरात ईथरने भूल देण्याचं यशस्वी प्रात्यक्षिक दिलं. वेल्स १८४८ मध्ये वारला, फार वाईट अवस्थेत. आणि तो ‘फसलेला’ वायू १८६० च्या दशकात दात काढायला पुन्हा सर्रास वापरात आला. आणणारा कोण, तर ज्याचा खेळ वेल्सने बघितला होता तो कोल्टनच.

डझनभर यशस्वी केस एका बाजूला, एक कण्हणं दुसऱ्या बाजूला. आणि जिंकलं कोण? आम्ही सगळे थोड्याफार फरकाने हेच करतो. एक इन्स्ट्रुमेंट (फाइल, म्हणजे कॅनाल साफ करायची बारीक सळई) कॅनालमध्ये तुटतं आणि माणूस म्हणतो, मोलरचं रूट कॅनाल आपलं काम नाही. मग जन्मभर प्रत्येक दाढ बाहेर पाठवतो. बाहेर पाठवण्यात कमीपणा नाही. अवघड केस पाठवायलाच हवी. पण सोप्या केसही पाठवायच्या, त्या एका तुटलेल्या फाइलपायी?

अवांतर: माझ्या आयडीचं कारण विचारणाऱ्यांसाठी. मिनिटाला ३,००,००० फेरे घेणारा एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, १९५७ मध्ये आला आणि पूर्ण आडवी होणारी खुर्ची १९५८ मध्ये. त्याआधीच्या पिढ्या जन्मभर उभ्यानं काम करत होत्या. आज उभं राहून काम करणारा दिसला तर तुम्ही विचाराल, पाठ दुखतेय का?

कोरी_पाटी

सर, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी असोसिएट (दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करणारी डेंटिस्ट) म्हणून काम करते, म्हणजे मालकाच्या त्या दुसऱ्या वाक्यातली ‘दुसरं कुणी’ मी आहे. :-) ‘माझ्याकडचे लोक माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत.’ मला पेशंटसमोर कसं उभं करतात ते सांगते. ‘आज मला बाहेर जायचंय, तर आजच्यापुरतं या बघतील.’ आजच्यापुरतं! पेशंट कशाला तयार होईल? मीही नसते झाले.

आधी काम केलेल्या दवाखान्यात मॅडम वेगळं बोलायच्या. ‘तुमची दाढ मी तपासली आहे, एक्स-रे आम्ही दोघींनी बघितलाय. रूट कॅनाल या करतील, या कामात यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. कॅप बसवताना मी असेनच.’ अपवाद वगळता कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. पेशंट तसेच, दात तसेच, माझ्या हातातही काही फरक नव्हता. फरक एवढाच की मॅडमनी विश्वास माझ्याकडे सोपवला आणि इथे सर तो स्वतःकडेच ठेवतात.

दाढदुखी

आयडीवरून कळलंच असेल, मी खुर्चीत झोपणारा पक्ष. धागा वाचून जरा धक्का बसला, म्हणून लिहितोय.

मनकवडी यांनी लिहिलं तेच माझं झालं. एका डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं जात होतो. भला माणूस. दुखलं की भरून द्यायचे. दुसऱ्या कामासाठी दुसरीकडे एक्स-रे काढला तेव्हा कळलं, दोन दाढांत आतपर्यंत कीड. एक काढावी लागली. जुन्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘दिसत होतं, पण म्हटलं तुमच्यावर एकदम बोजा नको.’ अहो, माझा खिसा तुम्ही मला न विचारता मोजलात? मला सांगितलं असतं तर मी कदाचित ‘आत्ता नको’ म्हटलं असतं. पण ते माझं ‘आत्ता नको’ असतं.

मात्र दुसरी भीतीही आहे. हा धागा वाचून उद्या सगळे डॉक्टर आत्मविश्वासाने मला आठ कॅपा सुचवायला लागले तर? कमी बोलणारा डॉक्टर मला निदान लुटत नाही असं वाटायचं.

छत्तीसचा_आकडा

दाढदुखी, माझ्या मनातलं बोललात. मी पूर्ण प्लॅन सांगायला कचरतो त्यामागे भीती आहे हे वर वाचून थोडं पटलं. पण तिच्यात एक चांगली गोष्टही मिसळलेली आहे. आमच्या पेशात गरज नसलेली कामं गळ्यात मारणारे आहेत, आणि आम्हाला तसं दिसायचं नाही. तुम्ही त्याला ‘मर्यादित समजूत’ म्हणून फेकून द्या म्हणाल, तर मी नाही फेकणार.

आणखी एक, रागावू नका. ‘दुसरी खुर्ची टाका, असोसिएट ठेवा, शाखा काढा’ हीसुद्धा एक समजूतच आहे, नाही का? एका खुर्चीचा दवाखाना म्हणजे अडकलेला माणूस, असं कुणी ठरवलं? मला संध्याकाळी घरी जायला आवडतं. व्यवसायवाढीच्या शिबिरांत याला ‘कम्फर्ट झोन’ म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. मी त्याला घर म्हणतो.

जमाखर्च

घराबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याकडे एका खुर्चीचे असे दवाखाने आहेत ज्यांची वही बघून हेवा वाटतो, आणि चार खुर्च्यांचे असे आहेत जिथे मालक सोडून सगळ्यांना पगार मिळतो. वाढ ही निवड आहे. मी एवढंच विचारेन की एक खुर्ची तुम्ही निवडली आहे की ‘माणसं सांभाळणं आपल्याला जमत नाही’ या वाक्याने तुमच्यासाठी निवडली आहे? पहिलं असेल तर विषय संपला.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र मालकांनी विसरू नये. एकट्याच्या दवाखान्यात हात थांबला की आवक शून्य, खर्च तसाच. मान आणि कंबर हे डेंटिस्ट लोकांचं ठरलेलं दुखणं. मनगट दुखावलं तरी महिनाभर शटर अर्धं. त्यासाठी चार खुर्च्या नकोत, काही महिन्यांचा खर्च बाजूला आणि गरजेला येऊन काम बघेल असा एक ओळखीचा डॉक्टर पुरतो.

एअरोटर

‘सांगणे’ आणि ‘विकणे’ यांची सरमिसळ होते आहे असं वाटतं. पेशंटला त्याच्या तोंडात काय आहे, काय काय करता येईल, आणि काहीच नाही केलं तर काय होईल, हे तिन्ही सांगणं हा संमतीचाच भाग आहे. यात विक्री कुठे आली? उलट ‘काहीच नाही केलं तर’ हा पर्याय जो डॉक्टर मोकळेपणाने सांगतो, त्याच्यावर पेशंट जास्त विश्वास ठेवतो. लहान कीड, इनॅमलपुरती म्हणजे दाताच्या वरच्या थरापुरती, तोंड स्वच्छ, तर ‘फ्लोराइड लावू, लक्ष ठेवू, सहा महिन्यांनी बघू’ हेही पूर्ण प्लॅनमध्येच येतं. पूर्ण म्हणजे महागडा नव्हे.

बाकी धाग्यात एक वाक्य राहिलं. ‘आधी अजून एक कोर्स करतो.’ माझ्या ओळखीत इम्प्लांटची तीन-तीन सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेली मंडळी आहेत ज्यांनी एकही इम्प्लांट बसवलेलं नाही. कोर्समध्ये दुसऱ्याचे हात बघून धीर येतो, तो दवाखान्याच्या दारापर्यंत टिकतो.

मनकवडी

एअरोटर सर, याला शास्त्रीय आधार आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो याचे चार स्रोत सांगितले होते. स्वतः केलेलं काम, दुसऱ्याला करताना बघणं, कुणी धीर देणं आणि त्या वेळची शरीराची अवस्था. त्यातला पहिला सगळ्यात जोरकस. कोर्समध्ये दुसरा आणि तिसरा भरपूर मिळतो, पहिला नाही. म्हणून चौथ्या कोर्सपेक्षा एक सोपी केस, शेजारी अनुभवी माणूस उभा, याने जास्त फरक पडेल.

छत्तीस, तुम्ही म्हणता ती चांगली गोष्ट फेकू नकाच. मी समुपदेशनात समजुतीशी वाद घालत नाही, वादाने ती घट्ट होते. ती तपासायला लावते. आधी भाकीत कागदावर लिहायचं. म्हणजे ‘पुढच्या दहा नव्या पेशंटना सगळं सांगितलं तर सात जण परत येणार नाहीत.’ आकडा लिहिलाच पाहिजे, नाहीतर नंतर मन सोयीने बदलतं. मग त्या दहांना सांगायचं, उठून बसल्यावर, नजरेला नजर देऊन. नोंद ठेवायची. सात खरंच गेले तर तुमची समजूत खरी निघाली, आनंदाने ठेवा. दोन गेले तर पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवाल. तपासायचं ते छोटं आणि मागे घेता येईल असं निवडा. फीबाबतही तसंच, सगळे दर नकोत, एकच काम आणि फक्त नवे पेशंट.

कोरी_पाटी

एक प्रश्न, थोडा स्वार्थी. आमच्या सरांना हे सगळं पटलं तरी खरी भीती वेगळी आहे. त्यांना वाटतं, हिला पुढे केलं, पेशंट हिच्यावर विसंबायला लागले, की ही उद्या स्वतःचा दवाखाना काढेल आणि सगळे घेऊन जाईल. ही समजूत म्हणायची की वस्तुस्थिती? खरं सांगायचं तर दवाखाना मला काढायचाच आहे कधीतरी.

छत्तीसचा_आकडा

वस्तुस्थिती. :-) निदान अर्धी तरी.

जमाखर्च

अर्धी. असोसिएट कधीतरी जाणारच, हे धरूनच चाला. काय घेऊन जाईल हे मात्र ठरवता येतं. जे बोलायचं ते पहिल्या दिवशी, लेखी: कामाचा वाटा किती, लॅबचा खर्च वाटा काढण्याआधी वजा की नंतर, सोडताना किती आधी सांगायचं, अर्धवट कामं कोण पुरी करणार. मी बघितलेली भांडणं पेशंट पळवण्यावरून कमी आणि ‘लॅबचे पैसे कुणाचे’ यावरून जास्त झाली आहेत. आणि कोरी_पाटी, ‘कधीतरी काढायचा आहे’ हे तुम्ही सरांना सांगून टाकलंत तर बरं. त्यांना ते माहीतच आहे, फक्त तुमच्याकडून ऐकलेलं नाही.

काउंटरवरून

फाइल दवाखान्याची, फोन नंबर दवाखान्याचा, सहा महिन्यांच्या तपासणीची आठवण काउंटरवरून जाते. मग पेशंट डॉक्टरचा कमी आणि दवाखान्याचा जास्त होतो. आमच्याकडे दोन असोसिएट सोडून गेले. थोडे लोक गेले त्यांच्यामागे, बरेच आठवणीच्या फोनवर परत आले. पण ज्यांची फाइलच नीट नव्हती त्यांना फोन कुठे करणार?

छत्तीसचा_आकडा

बरं. दहा पेशंटचं भाकीत लिहून ठेवलंय, आकडा इथे सांगणार नाही. एक मदत हवी. सगळं सांगायचं तर पेशंटच्या हातात कागद द्यायचा का, आणि त्यावर काय काय असावं? कुणाकडे नमुना असेल तर टाका. मी आजवर तोंडीच सांगत आलोय, जेवढं सांगत आलो तेवढं.

काउंटरवरून

नमुना नाही टाकता येणार, दवाखान्याचा आहे. पण सांगते. एकच पान, त्याहून जास्त कुणी वाचत नाही. वर तोंडाचं चित्र, ज्या दातांवर काम आहे ते रंगवलेले. खाली तीन रकाने: लगेच करायचं, थांबलं तरी चालेल, फक्त लक्ष ठेवायचं. प्रत्येक ओळीसमोर किती वेळा यावं लागेल आणि फी. फीचा आकडा एकच, ‘अंदाजे’ नको, नाहीतर मला बाहेर भांडावं लागतं. शेवटी मोकळी जागा सोडा, पेशंट तिथे स्वतःचे प्रश्न लिहून परत घेऊन येतात. आणि कागद खुर्चीत देऊ नका, टेबलाशी बसवून द्या. हाताशी चष्मा असतो तेव्हाच लोक वाचतात.